खोटी जोडणी

मास्तरांचं सगळं आयुष्य एका शब्दावर चाललं होतं, आणि तो शब्द म्हणजे 'हळू'. ड्रायव्हिंग शिकवायच्या छोट्या गाडीत ते दिवसभर शेजारच्या सीटवर बसत आणि तोच शब्द निरनिराळ्या चालींवर म्हणत. क्लच हळू, वळताना हळू, अहो बाई, हळू. त्यांच्या पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक होता. शिकणाऱ्याच्या हातून चूक घडायच्या आत मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर गेलेला असे. हे आधी कसं कळतं, असं कुणी विचारलं तर त्यांना धड सांगता येत नसे. गाडीच्या अंगातून कळतं, एवढंच ते म्हणत आणि विषय बदलत.

अशा माणसाला वेगाचं वेड असावं ही थट्टाच होती, पण वेड होतं खरं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची गाडी उभी असे. जुनी, दोन दारांची, लांब नाकाची, सहा सिलिंडरची. तिला ते तळहाताच्या फोडासारखं जपत. बायको तिला सवत म्हणायची, आणि मास्तरांना जेवायला हाक मारताना सवतीलाही विचारायची, येतेस का म्हणून. गाडी दिसायला रुबाबदार होती, पण चढावर मागून येणारे टेम्पो हॉर्न वाजवत तिच्या पुढे निघून जायचे. ते मास्तरांच्या मनाला फार लागायचं.

यावरचा उपाय त्यांना माहीत होता. इंजिनाचं 'स्ट्रोकर' करून घ्यायचं. सायकलच्या पंपाचा दांडा अर्धाच ओढून मारला तर हवा थोडी जाते, पुरता ओढून मारला तर जास्त जाते, तसंच हे. पिस्टनना वरखाली करणारा दांडा म्हणजे क्रँक, तो लांब कोपरांचा घेऊन त्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी सांगाड्यात, बसवायचा, म्हणजे पिस्टन आणखी वरखाली जातो, दर दमाला जास्त हवा न् पेट्रोल ओढतो आणि ताकद वाढते. बाहेरून बघणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. सांगायला इतकं सोपं, पण करायला घेतलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. कारण फिरणारा पसारा मोठा झाला की तो ब्लॉकच्या आतल्या भिंतींना घासायला लागतो. जिथे घासेल तिथलं लोखंड ग्राइंडरने खरवडून वाट करून द्यावी लागते, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे इंजिन गार ठेवणारं पाणी खेळत असतं. हात जरा जास्त चालला की भिंतीला भोक आणि ब्लॉक भंगारात. मास्तरांच्या गाडीचं इंजिन बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. दुसरा ब्लॉक कुठे मिळणार नव्हता.

हे काम डोळे मिटून सोपवावं असं माणूस एकच होतं आणि ते नात्यातलंच होतं. बायकोची थोरली बहीण, अक्का.

अक्काचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे लोखंडी शटर आणि मागे गल्लीकडे उघडणारी एक खिडकी. आत रॉकेलचा आणि गरम लोखंडाचा वास कायमचा मुरलेला. दुकान मूळचं तिच्या वडिलांचं. दोघी बहिणींपैकी धाकटीने, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, शाळा संपताच दुकानाकडे पाठ फिरवली आणि बँकेत चिकटली. थोरली मात्र लहानपणापासून घरी दप्तर फेकून दुकानात पळायची आणि वडिलांच्या शेजारी स्टुलावर उभी राहायची. वडील गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही दुकान विकणार. तिने बोर्ड नव्याने रंगवून घेतला. आता तिचे केस पांढरे झाले होते, चष्मा दोरीने गळ्यात लटकायचा आणि लांबलांबची इंजिनं तिच्या दारात येऊन पडायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती बाहेरच्या बाकड्यावर बसवायची आणि खुशाल विसरून जायची.

तिच्या दोन रीती होत्या. पहिली म्हणजे, कुठलंही इंजिन ती दोनदा जोडायची. एकदा कोरडं, पिस्टनच्या रिंगा नाहीत, सांधे बंद करणारी गॅस्केट नाहीत, तेल नावालाच. त्याला ती खोटी जोडणी म्हणायची. सगळं जोडून हाताने फिरवायचं, कुठे काय लागतंय ते बघायचं, खरवडायचं, पुन्हा फिरवायचं. मनासारखं झालं की सगळंच्या सगळं खोलून, धुऊन, पुसून खरी जोडणी. जुळलेलं इंजिन पुन्हा सुटं झालेलं बघून गिऱ्हाइकं कपाळाला हात लावायची. अक्का ढिम्म. जे काय चुकायचं ते खोट्यात चुकू दे, असं तिचं म्हणणं.

दुसरी रीत लहानशी होती. खरी जोडणी संपली की पुढचं झाकण लावण्याआधी, त्याच्या आत, ब्लॉकच्या एका कोपऱ्यात ती पंचच्या अणकुचीदार टोकाने एक ठिपका मारायची. नाव नाही, तारीख नाही. झाकण बसलं की तो ठिपका कुणाला दिसायचा नाही. मास्तरांना हे माहीत होतं आणि का कोण जाणे, त्यांना अक्काच्या सगळ्या कामात त्या ठिपक्याचंच जास्त कौतुक होतं.

पण या वेळी मास्तर काम घेऊन गेले ते थोडे चाचरतच. कारण धाकटीने त्यांना एक गोष्ट सांगितली होती. तिने अक्काला बाहीचं बटण लावताना पाहिलं होतं, आणि अक्काला ते लागत नव्हतं. आयुष्यभर ग्राइंडर धरून धरून अक्काच्या बोटांची टोकं पांढरी पडायला लागली होती. सकाळी तर ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी बधिर असायची. डॉक्टरने ग्राइंडर सोडायला सांगितलं होतं. अक्काने डॉक्टरला बाकड्यावर बसवलं नाही एवढंच, बाकी त्याचंही तिने ऐकलं नव्हतं. धाकटीचं काळीज तुटत होतं, पण बहिणीला घरी बस म्हणायची तिची छाती नव्हती.

अक्काने ब्लॉकभोवती एक चक्कर मारली, बोटाच्या पेराने टकटक केलं आणि मग मास्तरांकडे न बघताच म्हणाली, "धाकटीने सांगितलंच असेल माझ्या हातांचं. तिच्या पोटात काही राहत नाही. तर ऐका मास्तर. हे इंजिन म्हणजे माझी परीक्षा. नीट उतरलं तर दुकान चालू राहील. माझ्या हातून यात काही सुटलं, तर समजायचं हात गेले. मग शटर खाली, आणि किल्ली धाकटीकडे."

मास्तर म्हणाले, असं कसं, एखादं इंजिन इकडेतिकडे झालं म्हणून कुणी दुकान बंद करतं का. अक्काने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. इंजिन इकडेतिकडे झालं तर तुमची गाडी रस्त्यावर उभी राहील आणि ब्लॉक फुटेल, ती म्हणाली, त्याला तुम्ही इकडेतिकडे म्हणता होय.

पुढचे काही आठवडे मास्तर शिकवणी संपली की दुकानात जाऊन बसायचे. अक्काचं काम बघणं हा एक सोहळाच होता. ती कधी हत्यार शोधायची नाही. हात मागे करायची आणि पाना हातात यायचा, कारण तो जिथे असायला हवा तिथेच असायचा. क्रँक बसवताना ती असा श्वास रोखायची की मास्तरही आपला रोखून धरायचे. मधूनच बोटं चोळायची, काखेत धरून ऊब द्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. तक्रारीचा एक शब्द नाही. कुणी बघतंय असं वाटलं तर बोटं चोळणंही नाही.

खोट्या जोडणीत तिने पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडना जुने बोल्ट लावले. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात तिने ते खास त्यासाठी ठेवले होते, वडिलांच्या वेळेपासून. मास्तरांनी विचारलं, नवे आणलेत ना, मग हे कशाला. अक्का म्हणाली, रॉडचा बोल्ट आवळला की ताणला जातो, आणि तो एकदाच ताणायचा असतो. सगळं इंजिन त्याच्यावर लटकतं. नवा माल खोट्या कामात वाया घालवायचा नाही. मास्तरांना हे इतकं पटलं की त्यांनी घरी जाऊन धाकटीलाही समजावून सांगितलं. धाकटीने ते भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

जुने बोल्ट लावून क्रँक फिरवला, तेव्हा अपेक्षेप्रमाणे रॉडच्या बोल्टांची डोकी सिलिंडरांच्या खालच्या कडांना लागली. अक्काने खडूने खुणा केल्या, ग्राइंडर घेतला आणि एकेक जागा अशी खरवडली की लोण्याचा गोळा चमच्याने काढावा. मग वाकवलेली एक तार बोल्टचं डोकं आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून सरकवून पाहिली. तार सगळीकडून सुटी गेली. चौथ्या सिलिंडरपाशी मात्र अक्का बराच वेळ थबकली. तिथे भिंत पातळ आहे, याहून आत जायला नको, एवढं म्हणून तिने ग्राइंडर ठेवून दिला. मग सगळं खोललं, धुतलं, आणि खरी जोडणी सुरू झाली. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवे बोल्ट.

तळ बंद करून हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, चढवण्याआधी अक्काने लांब दांड्याचा पाना क्रँकला लावला आणि सगळं सावकाश फिरवून पाहिलं. रिंगा असल्या की इंजिन जड फिरतं, पहिल्यासारखं बोटाने ढकलता येत नाही. तिने पूर्ण फेरे घेतले, मान डोलावली आणि पाना मास्तरांच्या हातात दिला. मालकाने एकदा हाताने फिरवायचं, ही तिच्या दुकानातली मौज होती. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जायचं.

मास्तरांनी फिरवलं. त्यांना दुसरं येत नव्हतं म्हणून त्यांनी ते हळू फिरवलं, अगदी हळू. आणि एका जागी त्यांना काहीतरी लागलं. आवाज नाही, धक्का नाही. शिकाऊ माणूस क्लच सोडणार असतो आणि गाडी अजून बंद पडलेली नसते, त्या मधल्या क्षणी पायाला जे कळतं, ते हाताला कळलं. त्यांनी आणखी एक फेरा घेतला. पुन्हा तिथेच.

अक्का फडक्याला हात पुसत त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जरा निवांतपणा आला होता. कसं वाटतंय, तिने विचारलं. आणि मास्तर, ज्यांनी आयुष्यात कुणाची चूक पोटात ठेवली नव्हती, ते म्हणाले, छान.

घरी ते जेवायला बसले आणि घास तोंडातच फिरू लागला. धाकटीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, ताट बाजूला सारलं आणि काय ते सांगा म्हणाली. त्यांनी सांगितलं. अक्काने इंजिन फिरवलं होतं आणि तिला काही लागलं नव्हतं, त्यांना लागलं होतं. आता बोलावं तर तिला तोंडावर सांगायचं की तुमचे हात गेले. न बोलावं तर आज ना उद्या भर रस्त्यात ते इंजिन फुटायचं. कदाचित आपल्या हाताचा भासच असेल, असंही ते म्हणाले, पण त्यात काही जोर नव्हता. त्यांचा पाय कधी भासाने ब्रेकवर गेला नव्हता.

धाकटीने ताटं उचलून ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पदराने नाही, मनगटाने पुसलं, रागावल्यासारखं.

"तिला खोटं चालत नाही," ती म्हणाली, "आणि दया तर त्याहून चालत नाही. दुकान बंद झालं तर ती रडेल आणि मी तिच्याजवळ बसेन. पण तुम्ही गप्प बसलात हे तिला कधी कळलं, तर ती तुमचं तोंड बघणार नाही. आणि माझंही."

सकाळी मास्तरांनी आपल्या पहिल्या शिकाऊला येऊ नको म्हणून कळवलं आणि दुकान गाठलं. अक्का शटर वर करत होती. तळहातांनी ढकलून, कारण सकाळी बोटांनी कडी धरवत नव्हती. मास्तरांनी मदत केली नाही. तिला ते आवडलं नसतं. आत गेल्यावर त्यांनी चपला काढून ठेवाव्यात तशी मनातली सगळी वाक्यं बाजूला ठेवली आणि साधंच बोलले.

"अक्का, काल मी छान म्हटलं ते खरं नव्हतं. एका जागी लागतंय. माझ्या हाताला कळलं."

अक्काचा चेहरा हलला नाही. तिने पाना उचलून त्यांच्या हातात दिला. स्वतः एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक ब्लॉकला टेकवलं आणि मूठ कानाच्या हाडाला लावली. फिरवा म्हणाली. मास्तरांनी फिरवलं. ती जागा आली तशी तिची मान किंचित हलली. पुन्हा, ती म्हणाली. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला तिने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि स्टुलावर बसली. आपल्या दोन्ही हातांची बोटं तिने समोर धरून पाहिली. टोकं मेणासारखी पांढरी होती.

मास्तरांना वाटलं, आता ही किल्ली काढून देणार. अक्का उठली, हत्यारांवरचं फडकं काढलं आणि इंजिन खोलायला घेतलं. चांगलं जुळलेलं, तेल लावलेलं, रात्रंदिवस जिला जीव लावला ती सगळी खरी जोडणी तिने एका शिकवणाऱ्याच्या हाताला वाटलं म्हणून उलगडायला घेतली. कुठे आदळआपट नाही. प्रत्येक नट तिने तितक्याच मायेने सोडवून ट्रेमध्ये ओळीने ठेवला. मास्तर बघत राहिले. त्यांनी आजवर अक्काला इंजिन बांधताना पाहून मान डोलावली होती. पण ती त्यांना इतकी मोठी वाटली ती त्या सकाळीच.

चौथ्या रॉडच्या एका बोल्टच्या डोक्यावर नखाएवढी चकाकी होती, फिरताना सिलिंडरच्या कडेला लागून आलेली. अक्काने तो बोल्ट काचेच्या तुकड्यावर उभा केला. मग बिस्किटांच्या डब्यातला एक जुना बोल्ट आणून त्याच्या शेजारी उभा केला आणि डोळे काचेच्या पातळीवर आणून पाहिलं. नव्याचं डोकं कणभर उंच होतं. वर्षानुवर्षं पान्यात धरून आणि पुसून पुसून जुन्यांची डोकी झिजली होती, का नवी पहिल्यापासूनच वेगळी होती, कोण जाणे. खोट्या जोडणीत तार सुटी गेली होती ती या जुन्या, बुटक्या डोक्यांपाशी.

मास्तर घाईघाईने म्हणाले, म्हणजे तुमची चूक नाहीच, बोल्टांची चूक. अक्का हसली, पण ते हसू ओठांच्या आतच राहिलं.

"बोल्टची चूक माझ्या डोक्याची. नवे जपायच्या नादात जुन्यांवर माप घेतलं. ती मी उद्यापासून सुधारेन," ती म्हणाली. "पण हाताला लागायला हवं होतं आणि लागलं नाही, ती चूक हाताची. ती सुधारणारी नाही. आपण एकमेकांना फसवायला नको."

बोल्टचं डोकंच जरासं घासलं तर, असं मास्तरांनी विचारून पाहिलं. अक्काने अशा नजरेने पाहिलं की त्यांनी कानाला खडा लावला. ज्याच्यावर सगळं लटकतं त्याला कुणी खरवडतं का. खरवडायची ती भिंतच, आणि तीही नेमकी चौथ्या सिलिंडरपाशी, जिथे ती पातळ होती. किती पातळ, हे मोजायला आत मापाचं हत्यार शिरत नव्हतं. टकटक करून अक्काला अंदाज होता, पण तो अंदाज कणाइतका नेमका नव्हता. पूर्वी असल्या जागी तिला हात सांगायचा. ग्राइंडर पातळ लोखंडावर आला की बोटांना वेगळी थरथर कळायची आणि ती तिथेच थांबायची.

तिने ब्लॉकभोवती पुन्हा एक चक्कर मारली. मग तिने ब्लॉकच्या कुशीतलं एक गोल झाकण ठोकून काढलं. त्याच्यामागे पाण्याची पोकळी होती. मास्तर, बोट घाला, ती म्हणाली. मास्तरांनी मधलं बोट आत घातलं आणि तिने सांगितलं तसं वाकवलं. त्यांच्या बोटाला खडबडीत भिंत लागली. तिच्या पलीकडे, अगदी त्याच जागी, अक्का ग्राइंडर लावणार होती.

"तुमचा पाय जसा ब्रेकवर असतो तसं हे बोट ठेवा," अक्का म्हणाली. "मला वाटेल ते वाटो, तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबेन. का म्हणून विचारणार नाही. पण लाजून उशीर केलात तर ब्लॉक गेला, आणि मला जपायला म्हणून आधीच थांबवलंत तर बोल्ट घासतच राहील. छान म्हणायचं नाही."

मास्तरांनी मान हलवली.

ग्राइंडर सुरू झाला. भिंतीतून आधी नुसती भणभण आली, जाड, बोथट. अक्का ग्राइंडर दाबत नव्हती, टेकवत होती आणि उचलत होती. तिची मनगटं आणि खांदे अजून पोलादी होते आणि डोळे खडूच्या रेघेवरून ढळत नव्हते. तिने रॉड नव्या बोल्टासकट जागेवर धरून तार घालून पाहिली, अडली. पुन्हा ग्राइंडर. आता मास्तरांच्या बोटाला ऊब लागायला लागली. त्यांनी डोळे मिटले. शेजारच्या सीटवर बसून काढलेली सगळी वर्षं त्यांच्या त्या एका बोटाच्या टोकाशी येऊन बसली होती. तार, अडली. ग्राइंडर. भणभण बारीक झाली, थरथर झाली, आणि मग त्या थरथरीत काहीतरी सुटं, हलकं आलं.

"थांबा."

ग्राइंडर त्याच क्षणी उचलला गेला. आणखी एक कण नाही, आणखी एक श्वास नाही. ज्या बाईने डॉक्टरचं ऐकलं नव्हतं, ती एका शब्दावर थांबली. तिने तार घेतली आणि फटीत सरकवली. तार जरा रेंगाळली आणि सुटी गेली.

मास्तरांनी बोट बाहेर काढलं तर ते काळं झालं होतं. अक्काने त्यांना फडकं दिलं आणि स्वतः मागच्या खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मास्तरांनी मुद्दाम बोट फार वेळ पुसलं.

तिने भिंतीच्या मागे पाण्याचा दाब देऊन पाहिला. लोखंड कुठे पाझरलं नाही. मग नव्या बोल्टांची आणखी एक खेप मागवली, कारण एकदा आवळलेले बोल्ट खऱ्या जोडणीत पुन्हा लावायचे नाहीत, हा नियम ती स्वतःसाठीही मोडणार नव्हती. चकाकी आलेला तेवढा तिने फेकून दिला. बाकीचे एकदा आवळलेले बिस्किटांच्या डब्यात गेले. वडिलांच्या वेळचे जुने बोल्ट तिने भंगाराच्या पेटीत टाकले, आणि टाकताना एक हातात धरून ठेवला तो मात्र एप्रनच्या खिशात गेला.

खरी जोडणी पुन्हा झाली. या वेळी पाना आधी मास्तरांच्या हातात आला. त्यांनी सगळे फेरे हळू घेतले, पुन्हा घेतले, आणि काही लागत नाही म्हणाले. अक्काने तेवढ्यावर हेड चढवायला घेतलं. पुढचं झाकण लावायची वेळ आली तेव्हा तिने हातोडी न् पंच घेऊन कोपऱ्यात आपला ठिपका मारला. मग पंच मास्तरांसमोर धरला.

"शेजारी तुमचाही मारा," ती म्हणाली. "आणि वाकडा मारू नका, झाकणाआड असला तरी मला माहीत असेल."

मास्तरांनी मारला. तो जरासा वाकडाच गेला. अक्काने तो पाहिला आणि झाकण बसवून मोकळी झाली.

इंजिन गाडीत बसलं, सुरू झालं, रुळेपर्यंत मास्तरांनी ते लेकरासारखं चालवलं. मग एके दिवशी संध्याकाळी ते अक्काला शेजारी बसवून गावाबाहेरच्या चढावर गेले. धाकटी मागच्या अरुंद सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि सवतीला नावं ठेवत होती. चढ समोर आला. मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना जे करू दिलं नव्हतं ते केलं, पाय खाली दाबला. गाडी ओरडली नाही. तिच्या पोटातून खोल, भरदार आवाज आला आणि चढ सपाट झाल्यासारखा मागे गेला. एक टेम्पो दिसला, मोठा झाला आणि राहिला मागे. धाकटीचं बोलणं अर्ध्यावर तुटलं आणि मग ती लहान मुलीसारखी हसत सुटली. मास्तरांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि खिडकी तर बंद होती.

अक्का डोळे मिटून बसली होती. घाबरली की काय, असं मास्तरांना वाटलं आणि त्यांनी वेग कमी केला.

"का कमी केलात?" ती डोळे न उघडता म्हणाली. "ऐकू द्या की. तिसऱ्या सिलिंडरच्या झडपेचा टॅपेट जरा सैल आहे. उद्या बघू."

परतताना दुकान वाटेत लागलं. शटर खाली होतं. कुणी विचारायला धजत नव्हतं, पण धाकटीला राहवलं नाही. अक्का, किल्ली, एवढंच ती मागून म्हणाली. अक्काने खिशात हात घातला आणि किल्ल्यांचा जुडगा चाचपत राहिली. तिच्या बोटांना तो कळायला वेळ लागला.

"परीक्षेत मी नापास झाले, ते खरं," ती म्हणाली. "इंजिन पास झालं. दुकान माझ्या एकटीचं असतं तर एकटीने बंद केलं असतं. आता त्या झाकणाआड दोन ठिपके आहेत."

रविवारी सकाळी मास्तर दुकानात आले तेव्हा शटर अर्धंच वर होतं. उरलेलं त्यांनी उचललं, आणि अक्काने उचलू दिलं. आत स्टँडवर कुठलासा फुटका, भंगारातला ब्लॉक चढवून ठेवलेला होता आणि त्यावर खडूची एक गोल खूण होती. अक्काने ग्राइंडर त्यांच्या हातात दिला. स्वतः स्टूल ओढून शेजारी बसली, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाली, "हळू."